स्टेपनीची जागा

१ ऑक्टोबर २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्तीचा संच असल्यास स्टेपनी सक्तीची राहिली नाही. आमच्या चिरंजीवांना त्या जागेत तांदळाच्या नमुन्यांची सोय दिसली. भंडारा-नागपूर एवढेच जाणे असते तर मीही मान डोलावली असती. परंतु वसुलीसाठी पवनी, लाखांदूर करावे लागते. परतताना रात्र होते, वाटेत जंगल. खिळ्याचे छिद्र संचातील द्रवाने बुजते. दगडाने टायरची कूस फाटली तर तो निरुपयोगी. (गल्ल्यात रोकड राखणारे आपण, इथेच उधारीवर का विसंबावे?) सूनबाईंनी मात्र एवढेच विचारले, “बाळाला घेऊन साकोलीहून येताना असे झाले तर कोणाला हाक मारू?” गाडी स्टेपनीसह आली. तिची हवा मी दरमहा तपासून घेतो.