एकाच कॅलेंडरचा हट्ट

मोठा सीबीएसईला, धाकटी स्टेट बोर्डाला. एप्रिल उजाडला की आमच्या घरात एकाच टेबलावर दोन वर्षं नांदतात. त्याच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालणं चाललेलं असतं आणि शेजारी ती वार्षिक परीक्षेची उजळणी करत बसलेली असते. दिवाळीत तिला घसघशीत सुट्टी, त्याला जेमतेम. नाताळात नेमकं उलटं. त्यामुळे साऱ्या राज्याला एकच सुट्टीपत्रक लावा, असं मी पालकसभेत तावातावानं बोलायचे. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये आमच्यापेक्षा उशिरा उघडतात, हे तर मला चक्क लाड वाटायचे.

२०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांना राज्यभर एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. मी खूश! चंद्रपूरकडे शिक्षिका असलेल्या ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "पेपरच्या दिवसांत इकडे येऊन दाखव, मग बोलू."

पुढे रोज तिच्याकडून ऐकत गेले. पेपर सकाळी लवकर, तरी सुटेपर्यंत पत्रे तापलेले. वीज गेली की पोरं पाठकोऱ्या कागदाचा पंखा करणार, ओला रुमाल डोक्यावर ठेवणार, त्याचं पाणी उत्तरपत्रिकेवर ठिबकणार. पंख्याखालच्या बाकावरून भांडणं. एरवी त्यांच्याकडे उन्हाचा कडाका वाढायच्या आत परीक्षा आटोपलेल्या असतात. वर २५ तारखेला शेवटचा पेपर आणि १ मेला निकाल, म्हणजे तपासणीला रात्रीच उरल्या. ताई एरवी कुरकुरणारी नाही, म्हणून तिचं बोलणं जास्तच लागलं.

मग माझ्या हट्टाचीच मी झडती घेतली. त्यात शिक्षणाचा विचार कमी होता, माझी सोय जास्त. कोकणात गणपतीत शाळा चालू ठेवली तर वर्गात कोण बसणार? सातपुड्यात होळीला तेच. बीडकडची ऊसतोड कुटुंबं तर दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, ती गाळप संपल्यावरच परततात. त्यांच्या मुलांना पुण्यातलं कुठलं वेळापत्रक बसणार? शिक्षणहक्क कायदा पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस मागतो. ते कोणते, हे ठरवणं त्यानं स्थानिक प्राधिकरणावर सोडलंय. हे कलम मी आधी वाचलंच नव्हतं.

आता पालकसभेत मी एकाच कॅलेंडरची मागणी करत नाही. काहींना वाटतं, मी थकले. तसं नाही, भांडण आहेच, विषय बदललाय. उद्या सुट्टी असल्याचा मेसेज आदल्या रात्री दहाला येतो, त्याला ऊन, गणपती, ऊस यांतलं काहीही कारण नसतं. सुट्ट्या खुशाल वेगळ्या ठेवा, पण यादी वेळेवर द्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, निदान त्याच्या आत तरी.