थंडीची मिरी

मद्याचे रसग्रहण सुरतेत राहणाऱ्याने करावे, हे काहींना विपरीत वाटेल. गुजरातेत दारूबंदी आहे आणि ती पाळूनच आपण येथे नांदतो. तरीही द्राक्षमद्य या नगरीला अपरिचित नव्हते. ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघाला. त्याचा प्रवासवृत्तांत १६९६ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रज वखारीतल्या भोजनाच्या वर्णनात त्याने शिराझच्या मद्याचा उल्लेख केला आहे.

आज ‘शिराझ’ हे नाव नाशिक-दिंडोरीच्या बागांतून ऐकू येते. ही इराणी वेल आपल्याच बंदरातून घाट चढून गेली असावी, असे मानण्याचा मोह होतो. परंतु नाव फसवे आहे. ही फ्रान्समधली ‘सिरा’. तेथल्याच दोन जुन्या जातींपासून ती जन्मली, हे डीएनए तपासणीने सिद्ध झाले आहे.

सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलो असता दिंडोरीच्या एका स्नेह्यांनी या एकाच जातीचे दोन पेले पुढे ठेवले. पहिला फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातला, थंड मुलखातला. नाकाशी नेताच नुकत्याच कुटलेल्या मिरीचा वास आला. मागून जांभळाची तुरट चव आणि आमसुलासारखी स्वच्छ आंबट धार. दुसरा नाशिकचा. तो अधिक पिकलेला, काळ्या मनुकांच्या गोडव्याकडे झुकणारा. मिरी होती, पण दूरची.

हा मिरीचा भास नव्हे. ‘रोटुंडोन’ नावाचे जे द्रव्य मिरीत असते, तेच या द्राक्षांच्या सालीतही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. थंड हवेत ते अधिक साठते. उन्हाच्या तापाने मण्यांतले आम्ल लवकर जळते व साखर वाढते. थंडीत घड सावकाश पिकतात, म्हणून आंबटपणा टिकतो.

नाशिकला युरोपची थंडी कोठून मिळणार? तेथील बागायतदार ती ऋतूकडून उसनी घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी; मग घड हिवाळ्याच्या गार रात्री अंगावर घेत वाढतात आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. युरोपात वेल आपसूक जे करते, ते येथे कात्रीने साधावे लागते.

आपली कुटुंबेही अशीच दुसऱ्या मातीत रुजली. नातवंडांच्या मराठीत गुजरातीचा गोडवा उतरला आहे, आणि त्याचे मला दुःख नाही. तो या भूमीचा प्रसाद आहे. मात्र मिरी ओसरत चालली आहे. म्हणी, ओव्या, आजीच्या बोलण्यातली खोचक धार आता क्वचित कानी पडते. जात तीच राहिली म्हणून चव राहतेच असे नाही. मोठ्याने मराठी वाचण्याचा एखादा ऋतू प्रत्येक घराने मुद्दाम राखावा. छाटणीची वेळ चुकली, तर वेल वाढते, पण घडाला धार येत नाही.