सोडण्याची तारीख

सिगारेट सोडायला आलेल्यांचा गट चालवण्याच्या दोन रीती मी वापरल्या आहेत. पहिली खुल्या गटाची: ठरल्या वारी खोली उघडी, कुणीही यावं, केव्हाही यावं. दुसरी बंद गटाची: दहा-बारा जण, शेवटपर्यंत तेच, सहा-सात आठवडे, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी सोडायची. ही दुसरी रीत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आकाराला आली. माझा कौल तिलाच आहे.

कारण निकोटिन तुटल्यावर शरीर काय करतं, त्यात आहे. चिडचिड, उडालेली झोप, बद्धकोष्ठ, कशातच लक्ष न लागणं. पहिला आठवडा सर्वांत वाईट, मग तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. बंद गटात सगळे एकाच वेळी त्यातून जात असतात. एक जण म्हणतो, ‘काल बायकोवर उगाच ओरडलो,’ आणि समोरचे चौघे मान हलवतात. ‘मलाच असं होतंय’ ही भीती तिथे संपते. खुल्या गटात सोडून वर्ष झालेला माणूस नवख्याला सांगतो, ‘मी तर एका झटक्यात सोडली.’ त्याचा हेतू चांगलाच असतो, पण नवखा पुढच्या वेळी येत नाही.

बैठकीत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र असावं. सोडल्यावर एक-दोन दिवसांतच आकडा खाली येतो. छातीचा एक्स-रे जे समजावू शकत नाही, ते हा आकडा समजावतो. मात्र खायची तंबाखू या यंत्रात दिसत नाही, आणि आपल्याकडे खरी गोम तिथेच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चारेक टक्के होते, तर तंबाखू, मिश्री, गुटखा असं धूरविरहित सेवन करणारे चोवीस टक्क्यांच्या आसपास. सिगारेट सुटली आणि चुन्याची डबी खिशात आली, असं होतं. म्हणून दर बैठकीत मी स्पष्ट विचारते, ‘मळता का?’

मानसशास्त्रज्ञ मिलर आणि रोलनिक यांची प्रेरक मुलाखतीची पद्धत, म्हणजे उपदेश न करता माणसाची चलबिचल त्याच्याच तोंडून ऐकणं, मला फार मोलाची वाटते, पण ती एकेकट्याशी बोलताना. दहा जणांसमोर प्रत्येक जण ‘सोडायचीच आहे’ म्हणतो. त्याच्या मनातली चलबिचल बाहेर येत नाही. ती आधीच एकांतात ऐकून घ्यावी, मग गटात बसवावं. बायका तर मिश्र गटात ओढण्याबद्दल बोलतच नाहीत. त्यांचा गट वेगळा हवा.

गटात माझं काम कमी बोलण्याचं. तलफ काही मिनिटांची असते, हे मी सांगितलं तर सल्ला होतो. टपरीऐवजी जागेवरच चहा मागवून ती मिनिटं काढलेल्याने सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दोघे तसं करून पाहतात. लग्नात एक झुरका मारून आलेल्यालाही मी गटातच ठेवते.

संशोधनाचा आढावा इतकंच सांगतो की नुसत्या पुस्तिकेपेक्षा गटाने सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. तितक्याच सखोल वैयक्तिक समुपदेशनापेक्षा गट सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी एका समुपदेशकाच्या तासाभरात दहा माणसं बसतात, हा हिशेब आपल्या देशात लहान नाही.

कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या व्यवस्थापकांना म्हणूनच विनंती: ३१ मेला तंबाखूविरोधी व्याख्यान ठेवण्याऐवजी सात आठवडे, दर आठवड्याला एक तास आणि एक बंद खोली द्या. ज्यांच्या गावात असा गट नाही, त्यांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करावा.