लपणावांचून

द्रोणाचार्यांनीं शिष्यांची परीक्षा घेतल्याची कथा आपल्या घरांतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. झाडावरील पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो, असें अर्जुनानें सांगितलें व तो परीक्षेस उतरला. या कथेंतील एक गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. तो पक्षी कारागिराकडून करवून घेतलेला, कृत्रिम होता. त्यास डोळा होता, पण त्या डोळ्यास अर्जुन दिसत नव्हता. पक्षी जिवंत असता आणि धनुष्य उचलणारा हात त्यानें पाहिला असता, तर निकाल काय लागला असता? हा प्रश्न आमच्या मनांत येण्यास आमचा पुतण्या कारण झाला.

हा पुतण्या अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांत राहतो. दर वसंत ऋतूंत तो धनुष्यबाण घेऊन रानांतील टर्की पक्ष्याच्या शिकारीस जातो, ही वार्ता आमच्या उंब्रजच्या घरीं त्याच्या आधींच येऊन पोंचली होती. गेल्या वर्षीं ज्येष्ठ महिन्यांत तो आला, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं सर्वांदेखत त्यास विचारलें, “मारतोस तें खातोस कां रे?” “हो आजी. मारलेलें टाकून देत नाहीं,” तो म्हणाला. मातोश्रींनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. पंगतींत त्याचें पान नेहमींच्या जागींच मांडलें होतें. पण देवघरांत नैवेद्याचें ताट नेण्याचा मान, जो थोरला नातू म्हणून लहानपणापासून त्याचा, तो त्या दिवशीं धाकट्याकडे गेला. कोणी चकार शब्द काढला नाहीं, त्यानेंही नाहीं.

रात्रीं ओसरीवर मुलांनीं त्यास घेरलें. टर्कीस पोर्तुगीज भाषेंत ‘पेरू’ म्हणतात, हें त्यानें सांगतांच आंतून मातोश्रींचा आवाज आला, “मग पेरूच खावे, झाडावरचे!” त्या हशानें घरांतील अवघडलेपण थोडें सैल झालें. हा पक्षी मूळचा अमेरिकेंतला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या गोव्यामार्गें आला. 1612 सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून आणलेल्या अपूर्व वस्तूंत एक टर्की होता. जहांगीर बादशहानें त्याचें वर्णन आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेवलें आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचें चित्र काढविलें. मस्तीस आला म्हणजे हा पक्षी मोरासारखा पिसारा फुलवितो, हें बादशहाच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. आजचे पक्षिशास्त्रज्ञही मोर, तित्तर व टर्की यांस एकाच कुळांत घालतात.

विस्कॉन्सिनमधून हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहींसा झाला होता. जंगलतोड व बेसुमार शिकार हीं त्याचीं कारणें. 1976 सालीं मिसूरी राज्यांतून धरून आणलेले रानटर्की तेथें सोडण्यांत आले व त्यांचा वंश पुन्हां वाढला. आज शिकारीस परवाना लागतो, दिवस नेमलेले असतात आणि वसंतांत केवळ नरास किंवा छातीवर दाढीसारखा झुबका असलेल्या पक्ष्यासच मारतां येतें. बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळविणारा कायदा त्या देशानें 1937 मध्येंच केला. ज्यानें मारावें त्यानेंच राखण्याचा खर्च द्यावा, असा हा न्याय आहे. आपल्या घरांतील विचारास तो सहज पटणारा नव्हे. तरी तो हिशेबाला चोख आहे, हें नाकारतां येत नाहीं.

टर्कीचें घ्राणेंद्रिय मंद, पण दृष्टि विलक्षण तीक्ष्ण असते. डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें मान किंचित् वळवितांच त्यास सभोंवारचें सारें दिसतें. बंदूकवाला शिकारी बंदूक गुडघ्यावर आधींच रोखून निश्चल बसूं शकतो. धनुर्धराचें तसें नाहीं. पक्षी वीस पावलांच्या आंत आल्यावर त्यास प्रत्यंचा खेंचावी लागते आणि ती हालचाल झाली कीं पक्षी पसार होतो. म्हणून बहुतेक धनुर्धर लपणांत, म्हणजे कापडाच्या लहानशा काळोख्या राहुटींत, बसतात. आंत हात हालला तरी बाहेर दिसत नाहीं.

आमचा पुतण्या लपण वापरीत नाहीं. पाठीपेक्षां रुंद बुंध्याचें झाड पाहून तो त्यास टेकून बसतो, तोंड व हात झांकून घेतो आणि मादीच्या आवाजाची नक्कल करून नरास बोलावितो. तांबडें, निळें वा पांढरें वस्त्र चुकूनही अंगावर ठेवीत नाहीं. कारण नर टर्कीच्या डोक्याचे तेच रंग, आणि रानांत दुसरा शिकारी असल्यास तो भलतीकडेच नेम धरावयाचा. मग पक्षी आला म्हणजे दोनच संधी असतात. चालतां चालतां त्याचें डोकें एखाद्या बुंध्याआड जावें, किंवा पिसारा फुलवून त्यानें पाठ फिरवावी. त्याचाच पिसारा त्या क्षणीं त्याच्या डोळ्यांआड येतो. तेवढ्या दोन-तीन श्वासांत धनुष्य खेंचून व्हावयास पाहिजे. बहुधा तें होत नाहीं, आणि तो रिकाम्या हातांनीं घरीं येतो.

हें सारें मातोश्री आंतून ऐकत असाव्यात. त्या दाराशीं आल्या व म्हणाल्या, “तो तुला दिसतो, तसा तूंही त्याला दिसतोस ना?”

“लपणांत बसलों तर दिसणार नाहीं, आजी. म्हणूनच बसत नाहीं.”

आडोसा बरोबर घेऊन चालण्याची युक्ति आपल्या मुलखांतही जुनी आहे. फांसेपारधी शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून चालत सावजाजवळ जात व तित्तरांच्या वाटेवर फांसे मांडीत. त्यांची ती विद्या पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणावर उभी होती. तिची बूज राखण्याऐवजीं इंग्रज सरकारनें अशा अनेक जमातींस 1871 च्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. तो शिक्का 1952 सालीं कायद्यानें पुसला गेला, लोकांच्या मनांतून अद्याप पुरता गेलेला नाहीं. पुढें 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारच बंद झाली. ती बंद होणें अवश्य होतें. पण ज्यांचें पोट तीवर होतें त्यांस दुसरी भाकरी कोणी नीट दिली नाहीं, आणि हौसेनें बंदुका उडविणाऱ्यांच्या घरीं मात्र कोणी उपाशी राहिलें नाहीं, हेंही आठवावें.

मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे व कायद्याचें त्यास पूर्ण अभय आहे. तेव्हां पुतण्यानें सुचविलें कीं, धनुष्य नको, लपण नको, नुसतें जाऊन बसूं. उंब्रजास तारळी कृष्णेस मिळते; तेथून चाफळच्या बाजूस टेकड्या सुरू होतात. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते आणि मोर ओरडूं लागले होते. पांच पहांटे आम्ही दोघे एका आंब्याच्या बुंध्यास टेकून बसलों. मुंग्या चावल्या, पाय बधिर झाले. पहिल्या तीन दिवसांत मोर दुरूनच आम्हांस पाहून झाडींत शिरला. आपण कितीदां विनाकारण हालतों, हें आम्हांस त्या तीन दिवसांत जितकें कळलें, तितकें सबंध आयुष्यांत कळलें नव्हतें.

पांचव्या दिवशीं तो उघड्यावर आला व त्यानें पिसारा उभारला. मग सावकाश वळत वळत त्यानें आमच्याकडे पाठ केली. मोराची पाठ फार थोड्यांनीं निरखिली असेल; तेथें डोळे नाहींत, निळाई नाहीं, पिसाऱ्यास टेंकू देणारीं साधीं तपकिरी पिसें तेवढीं आहेत. पुतण्यानें रिकामे हात उचलले, न दिसणारी दोरी कानापर्यंत खेंचली आणि तसाच थांबला. मोर पुन्हां वळला. त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि एका झेपेंत तो गेला.

पुतण्यानें हात खालीं घेतले. आमची छाती मात्र धडधडत होती. तो गेला याची हळहळ वाटत होती. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांत अंडेंही शिजलें नाहीं, त्या घरांतील आमच्याही मनानें त्या क्षणीं बाण सोडला होता. तो हिंसक व आम्ही अहिंसक, अशी सरळ वांटणी त्यानंतर आम्हांस करतां आली नाहीं. आमचे हात कायद्यानें व कुळाचारानें बांधलेले होते. त्याच्या हातीं परवाना होता, आणि असें असूनही सावजाला आपण दिसावें हा नियम त्यानें स्वतःच स्वतःवर घातला होता. जीव घेण्याचें समर्थन यांतून होत नाहीं. तें तोही करीत नाहीं. पण ज्याचा जीव घ्यावयाचा त्याच्या नजरेसमोर बसणारा मनुष्य, आणि बाजारांतून बांधून आणणारा किंवा सोवळ्याआड बसून दोघांस नांवें ठेवणारा मनुष्य, यांत फरक आहे असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

मातोश्रींस आम्हीं हें सांगितलें नाहीं. नैवेद्याचें ताट तो जाईपर्यंत धाकट्यानेंच नेलें. मात्र त्या पांचही पहांटे आमच्या आधीं उठून त्यांनीं दोघांस चहा करून दिला, आणि परतल्यावर न चुकतां विचारलें, “आला कां रे मोर?”

यंदा मे महिन्यांत त्याचें पत्र आलें. सहा दिवस तो रानांत बसला. शेवटच्या दिवशीं नर पंधरा पावलांवर आला, पण धनुष्य अर्धें खेंचलें असतां त्यानें पाहिलें व तो निघून गेला. पत्र आम्हीं माजघरांत सर्वांस वाचून दाखविलें. मातोश्री वाती वळीत होत्या. “बरें झालें,” त्या म्हणाल्या. बरें कोणाचें झालें, पक्ष्याचें कीं नातवाचें, हें विचारण्याचें धाडस घरांत कोणीं केलें नाहीं.