जेत्याने ठेवलेलं नाव

सिद्कीया हे यहूदाच्या शेवटच्या राजाचं जन्मनाव नव्हे. घरचं नाव मत्तन्या, म्हणजे यहोवाची देणगी. इ.स.पू. 597मध्ये नबुखद्नेस्सरने यरुशलेम घेतलं, तरुण राजा यहोयाखीनला बाबेलला नेलं आणि त्याच्या 21 वर्षांच्या काकाला गादीवर बसवलं. बसवताना नावही बदललं: सिद्कीया, ‘यहोवा माझी नीतिमत्ता’. रीत जुनीच. याच्या थोरल्या भावाचं, एल्याकीमचं, मिसरच्या फारोने यहोयाकीम केलं होतं.

पण बाबेलच्या देवांना भजणाऱ्या सम्राटाने यहोवाचंच नाव का चालू द्यावं? मला वाटतं, उत्तर शपथेत आहे. मांडलिक राहीन अशी शपथ त्याने या राजाला त्याच्याच देवाला स्मरून घ्यायला लावली होती. नाव हा त्या करारावरचा शिक्का. पुढे सिद्कीयाने बंड केलं, तेव्हा त्याला सर्वांत कडक शब्द सुनावले ते स्वकीय संदेष्टा यहेज्केलने. शत्रूला दिली म्हणून शपथ हलकी होत नाही, हे त्याचं म्हणणं.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणून या माणसाला निकालात काढणं सोपं आहे. यिर्मया या संदेष्ट्याचा ग्रंथ वाचताना मात्र तो मला दुष्ट वाटत नाही, भित्रा वाटतो. सरदार यिर्मयाच्या जिवावर उठतात, तेव्हा हा सांगतो की तुमच्यापुढे राजाचं काही चालत नाही. संदेष्टा चिखलाच्या टाक्यात जातो. एबद-मलेख हा कूशी सेवक दाद मागतो, तर हाच राजा त्याला बाहेर काढायला माणसं देतो. दोर काखेत रुतू नयेत म्हणून त्या सेवकाने आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या. साऱ्या प्रकरणात नीतिमत्ता म्हणावी अशी गोष्ट मला तेवढीच सापडते.

राजालाही संधी आली होती. वेढा पडला असताना त्याने लोकांशी करार करून इब्री दासदासींना मोकळं करवलं. मिसरची फौज निघाल्याचं कळून वेढा घालणारं बाबेलचं सैन्य हटलं, आणि धन्यांनी त्याच माणसांना पुन्हा कामाला जुंपलं. राजाने त्यांना अडवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या लेखी सिद्कीया खरा हरला तो इथे.

पुढे तट फुटला. रातोरात पळालेला राजा यरीहोच्या मैदानात सापडला आणि रिब्लाला नबुखद्नेस्सरपुढे उभा केला गेला. मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारलं, मग त्याचे डोळे काढले. नबुखद्नेस्सर या नावाचा अर्थ बहुतेक अभ्यासक असा लावतात: हे नबू, माझ्या वारसाचं रक्षण कर.

बाबेलच्या इतिवृत्ताची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 597च्या स्वारीबद्दल तीत मोजक्या ओळी आहेत: नगर घेतलं, राजा पकडला, आपल्या पसंतीचा राजा नेमला, भारी खंडणी घेतली. नेमलेल्या राजाचं नाव लिहिलेलं नाही, ना जुनं ना नवं. पकडून नेलेल्या यहोयाखीनचं नाव मात्र बाबेलच्या कोठारातून तेल कोणाला दिलं, त्या याद्यांत सापडलं आहे.