रफू

माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत, असे आपण ऐटीत म्हणतो. ऊन माणसाचे किती वाकडे करू शकते हे मला कळले ते एका चिमुरडीमुळे. ती माझ्या बहिणीचीही नात आणि थोरल्या भावाचीही. कारण मामाची मुलगी सून करून आणण्याची रीत आमच्याकडे जुनी. दीड वर्षाची असताना तिच्या नाकागालांवर ठिपके उमटले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो नात्यातल्या लग्नाचा! आमच्याच घराण्यातला एक सदोष जनुक दोन वाटांनी चालत येऊन तिच्यापाशी भेटला होता. आईबाप दोघेही ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला धोका चारांत एक.

रोगाचे नाव झेरोडर्मा पिग्मेंटोझम. नाव अवघड, पण प्रकार शिंप्याला समजावा असा आहे. उन्हातले अतिनील किरण तुमच्याआमच्या पेशींतल्या डीएनएचे शेजारचे दोन टाके एकमेकांत गुंतवतात. आत बसलेला रफूगार तेवढाच तुकडा कापून नवा विणतो. या मुलांच्या घरचा रफूगार अडाणी. हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवले. हा रफू कसा चालतो ते उलगडणाऱ्या अझीझ संजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. रफू नाही, म्हणून विशीच्या आत त्वचेचा कर्करोग होण्याचा संभव इतरांच्या सुमारे १०,००० पट! नऊ-दहा वर्षांच्या पोराला कर्करोग, ही कल्पनाच सहन होत नाही.

आमच्या पोरीच्या दोन गाठी काढून झाल्या. खिडक्यांच्या काचांना खास पापुद्रे लावले आहेत, आणि बाप किरण मोजण्याचे यंत्र घेऊन घरभर पिशाच्चासारखा हिंडतो. ड जीवनसत्त्वसुद्धा तिला गोळीतून घ्यावे लागते.

दिवाळी मात्र तिची हक्काची. पणतीच्या ज्योतीचे भय नाही. अभ्यंगस्नान तर उजाडायच्या आतच! किल्ला ती रात्री अंगणात बांधते आणि दरवर्षी सिंहगडच बांधते. का, तर तो रात्री घेतला होता.

“आजोबा, मावळ्यांना उन्हात उभे करू नका हं,” असे मला बजावून ती पहाटे आत जाते.

भाऊबीज झाली की तिला पुन्हा तपासणीला न्यायचे आहे. नाकाच्या शेंड्याजवळ एक खवला दिसतो आहे.