वाळवंटाचे नाव

पन्हाळ्यावर पावसाळ्यात दिवसच्या दिवस धुके हटत नाही. येथील अंबरखान्यातल्या धान्यकोठारांनाही गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांची नावे आहेत. पाणी म्हणजे समृद्धी हे समीकरण आपल्या नामकरणात मुरलेले आहे. वर्षा, मेघा, सरिता ही नावे आपण अर्थाचा विचार न करताही ठेवतो.

दुबईस्थित भाचीने मुलीसाठी 'सहरा' हे नाव निवडले, तेव्हा मात्र घरात अर्थाची चौकशी झाली. सहरा म्हणजे वाळवंट, हे कळताच आई म्हणाली, "पोरीच्या नावात ओसाडी कशाला रं?" आई मूळची माणदेशातली. 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे. तिच्या प्रश्नाला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे मला शक्य नव्हते.

कोशही प्रथम तिच्याच बाजूने बोलतात. संस्कृत 'मरू' या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती 'मृ', म्हणजे मरणे, या धातूपासून दिली जाते. (आपला मारुती 'मरुत्'चा, म्हणजे वाऱ्याचा, त्याचा येथे संबंध नाही.) तरीही भागवताच्या नवव्या स्कंधात मरू नावाचा सूर्यवंशी राजा आहे. तो कलापग्रामी राहतो आणि कलियुगाच्या अंती नष्ट झालेला वंश तोच पुन्हा सुरू करील, असे तेथे सांगितले आहे. बीज राखण्याचे काम पुराणकारांनी या नावाच्या माणसाकडे सोपवावे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

अरबीत तर वाळवंटाला भाषेचे माहेर मानले गेले. बसऱ्याचे जुने वैयाकरण शुद्ध शब्दांसाठी 'बादिया'तल्या, म्हणजे वाळवंटी मुलखातल्या, बदूंकडे जात. स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या मलक हिफ्नी नासिफ (1886–1918) या इजिप्शियन लेखिकेने 'बाहिथत अल-बादिया', म्हणजे वाळवंटातली शोधिका, हे टोपणनाव घेतले. फारसी आणि तुर्की घरांतून 'सहरा' हे मुलीचे नाव म्हणून रुळलेले आहे. 'सहर' म्हणजे पहाट हा वेगळा शब्द. अरबी लिपीत दोहोंचे 'स' निराळे, देवनागरीत अंतर उरते ते एका कान्याचे.

आणि मराठीत? 'वाळवंट' म्हटले की वारकऱ्याला थरचे वाळवंट आठवत नाही, चंद्रभागेचे आठवते. नदीकाठची वाळू हाच आपल्याकडे या शब्दाचा जुना, जिवंत अर्थ. तेथे कीर्तने होतात, दिंड्या मिळतात, अनोळखी माणसे एकमेकांच्या पाया पडतात. ओसाडीचा अर्थ त्याच शब्दाला भूगोलाच्या पुस्तकाने जोडला.

हे सारे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकले, आणि "वाळवंटात पाणी शेजारीच असतंय की," एवढेच म्हणाली. चंद्रभागेपुरते ते खरेच होते.

नाव सहराच ठेवले गेले. आई पणतीला फोनवर 'सरू' म्हणते. सरू हे आमच्याकडे सरस्वतीचे लाडके रूप. आणि सरस्वती गुप्त झाली ती मरुभूमीतच, असे महाभारत सांगते. हे मात्र मी आईला अजून सांगितलेले नाही.